पितळ अंबरनाथचे, काडतूस मात्र परदेशी!

प्रतिनिधी, ठाणे

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले, तेव्हा महाराष्ट्राची ७२ वर्षांची प्रतीक्षा संपली. हेलसिंकीत १९५२ साली खाशाबा जाधव यांनी मिळवलेल्या पदकानंतर वैयक्तिक प्रकारातील ऑलिम्पिक पदक या मातीत प्रथमच आले. पात्रता फेरीत ६०० पैकी ५९० गुण, सातवे स्थान, आणि अंतिम फेरीत ४५१.४ गुणांसह तिसरा क्रमांक. मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या या खेळाडूचे कौतुक करताना सारे जण त्याच्या एकाग्रतेबद्दल, संयमाबद्दल भरभरून बोलले. ते योग्यच होते. मात्र नेमबाजीत खेळाडूच्या मनाइतकीच निर्णायक असणारी एक वस्तू या चर्चेत कुठेच नव्हती. ती म्हणजे काडतूस.

ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात गेल्या काही वर्षांत नेमबाजीकडे वळणाऱ्या मुलामुलींची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी आहे. यातील बहुतेक जण दहा मीटर एअर रायफल अथवा एअर पिस्तूल या प्रकारात थांबतात. पुढच्या पायरीवर, म्हणजे खऱ्या काडतुसाच्या रायफलीकडे, जाणारे मोजकेच. खर्च, परवाना आणि रेंजचे अंतर ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे आहेत. चौथे कारण फारसे उच्चारले जात नाही. अचूक काडतूस या देशात तयार होत नाही, ते स्वतः तयार करण्याची वाट कायद्याने जवळपास बंद आहे आणि परदेशातून आणणे प्रत्येकाच्या आवाक्यातले नाही. या तिहेरी कोंडीचा ऊहापोह ठाणे जिल्ह्यात होणे विशेष आवश्यक आहे. कारण या कोंडीचे एक टोक याच जिल्ह्यात, कल्याणहून तिसऱ्या स्थानकावर, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आहे.

चार वस्तूंचा मेळ

काडतूस ही एक वस्तू नव्हे, चार वस्तूंचा मेळ आहे. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आतील धूरविरहित दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. घोडा दाबला की प्रायमर ठिणगी देतो, दारू पेटून वायू होतो, त्या दाबाने पुंगळी फुगून नळीच्या कोठीला घट्ट चिकटते आणि गोळी पुढे निघते. ही सारी क्रिया सेकंदाच्या काही हजारांश भागात उरकते. बोल्ट ॲक्शन रायफलीत प्रत्येक फैरीनंतर हाताने खिटी मागेपुढे करावी लागते. तिची बांधणी साधी व बळकट असते, त्यामुळे अचूकतेसाठी आजही तिलाच पसंती आहे. मात्र रायफल कितीही उत्तम असली, तरी तिला मिळणारी चारही घटकांची जुळणी प्रत्येक वेळी तीच असली पाहिजे. अचूकता म्हणजे सातत्य, ही व्याख्या काडतुसाला शब्दशः लागू पडते.

याचे गणित पाहण्यासारखे आहे. नेमबाजीत अचूकता कोनात मोजतात. एका अंशाचा साठावा भाग हे त्याचे प्रचलित माप. १०० मीटरवर या कोनाची रुंदी होते सुमारे २.९ सेंटिमीटर, तर ३०० मीटरवर सुमारे ८.७ सेंटिमीटर. आंतरराष्ट्रीय ३०० मीटर रायफल स्पर्धेत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १० सेंटिमीटर असतो. म्हणजे रायफल व काडतूस मिळून एवढाच विस्कळीतपणा देत असतील, तर दहाचे वर्तुळ त्यांनीच जवळपास व्यापले. खेळाडूचा श्वास, नाडीचे ठोके, वारा यांच्या वाट्याला शिल्लक राहिला तो जेमतेम सव्वा सेंटिमीटर. ५० मीटर प्रकारात तर दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर आहे. त्यामुळे निकृष्ट काडतूस हाती असलेला खेळाडू आपली चूक कोणती आणि काडतुसाची कोणती, हे ओळखूच शकत नाही. तो नसलेली चूक सुधारत बसतो आणि असलेली बिघडवतो.

अंतर वाढले की हा हिशेब आणखी निर्दय होतो. हजार मीटरवर ७.६२ मिलिमीटरच्या नेहमीच्या गोळीच्या सुरुवातीच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा, म्हणजे शेकडा सव्वा टक्क्याचा, फरक पडला तरी गोळी फूटभर वर किंवा खाली लागू शकते. हा फरक दारूच्या वजनात पडलेल्या सूक्ष्म तफावतीनेही येतो. म्हणूनच जगभर दूरच्या पल्ल्याचे नेमबाज आपली काडतुसे स्वतः भरतात. यालाच हँडलोडिंग म्हणतात.

हाताने भरण्याचे शास्त्र

हँडलोडिंगचा उगम काटकसरीत आहे. पितळी पुंगळी हा काडतुसाचा सर्वांत महाग घटक. ती एकदा वापरून टाकून देण्यापेक्षा पुन्हा भरणे शहाणपणाचे, हा विचार पाश्चात्त्य देशांतील शिकाऱ्यांनी व नेमबाजांनी एकोणिसाव्या शतकातच स्वीकारला. पुढे काटकसर मागे पडली आणि अचूकता पुढे आली. अमेरिकेतील डॉ. फ्रँकलिन मॅन या वैद्यकाने अनेक वर्षे प्रयोग करून गोळीच्या उड्डाणावर १९०९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. गोळी चुकते का, याचे उत्तर त्यांनी अंदाजात न शोधता मोजमापात शोधले. आजचे हँडलोडर त्याच वाटेने जातात.

त्यांची पद्धत थोडक्यात अशी. एकाच कारखान्याच्या, एकाच खेपेच्या पुंगळ्या निवडायच्या. त्या स्वच्छ करून मूळ आकारात आणायच्या, लांबी सारखी करायची, वजनाने वेगळ्या करायच्या. दारू ग्रेनमध्ये तोलली जाते. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आणि येथे ग्रेनच्याही दहाव्या भागाची चिकित्सा चालते. गोळी किती खोल बसवायची, ती पुंगळीच्या अक्षाशी सरळ रेषेत आहे की नाही, हे मोजायचे. मग उत्पादकाच्या तक्त्यात दिलेल्या मर्यादेच्या आत, खालून सुरुवात करून, दारूच्या प्रमाणात अल्प फरक असलेल्या फैरी झाडायच्या, वेगमापक यंत्रावर प्रत्येक गोळीचा वेग नोंदवायचा आणि कोणत्या प्रमाणाला वेगातील चढउतार कमी राहतो, ते पाहायचे. प्रत्येक रायफलीची नळी वेगळी थरथरते. त्यामुळे एका रायफलीला मानवलेले प्रमाण शेजारच्या रायफलीला मानवेलच असे नाही, आणि सुरक्षित ठरेलच असेही नाही.

या शास्त्रातही भाबडेपणाला वाव आहे. तीन गोळ्या एकाच छिद्रात गेल्या की प्रमाण सापडले, असे अनेक हौशी मंडळी मानतात. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे तीन घरांत विचारपूस करून कल्याण लोकसभा मतदारसंघाचा निकाल सांगण्यासारखे आहे. तीन गोळ्यांचा गट योगायोगाने लहान पडू शकतो. दहा, वीस, तीस गोळ्यांचा गट खरे चित्र दाखवतो, आणि ते बहुधा कमी सुखद असते. काडतुसाची परीक्षा मोठ्या नमुन्यानेच होते, ही बाब पुढे धोरणाचा विचार करताना लक्षात ठेवावी लागेल.

ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफलीत मात्र हँडलोडिंग शक्यच नाही. तेथील .२२ काडतुसात प्रायमरचे रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेले असते आणि आघाताने ती कड चेपली की पुंगळी निकामी होते. मग अचूकता मिळवायची कशी? उत्तर आहे, निवडून. ब्रिटनमधील इली, जर्मनीत शोनबेक येथे कारखाना असलेली लापुआ यांसारख्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत खेळाडू आपली रायफल घेऊन जातात. ती शिकंज्यात आवळून एकाच प्रकारच्या काडतुसाच्या निरनिराळ्या खेपा झाडल्या जातात. ज्या खेपेचा गट सर्वांत लहान, ती खेप खेळाडू विकत घेतो. कारखाना एक, यंत्रे एक, तरीही खेपेखेपेत फरक पडतो, आणि त्या फरकावर पदकाचा रंग ठरतो. एअर रायफलीच्या छऱ्यांतही ४.४९, ४.५० अशी शतांश मिलिमीटरची वर्गवारी असते. ठाणे-डोंबिवलीच्या रेंजवरील मुलांना हातात घेता येणारे 'हँडलोडिंग' ते एवढेच.

पितळेचा जिल्हा

आता या कथेतील स्थानिक विरोधाभास. काडतुसाची पुंगळी ज्या पितळेची बनते, त्यात ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. या पितळेच्या चकत्यांपासून वाट्या घडवायच्या आणि त्या ओढून ओढून लांब पुंगळी करायची, ही निर्मितीची रीत. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी बिगरलोह धातूंच्या कामासाठी ओळखली जाते आणि लहान शस्त्रांच्या काडतुसांना लागणाऱ्या पितळी वाट्या हे तिचे जुने उत्पादन आहे. पुण्यातील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून काडतुसे बनवतो. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यातही लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. दारूच्या क्षेत्रातील भंडाऱ्याचा कारखाना विदर्भात, तर स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात. काडतुसाचे जवळपास संपूर्ण कुटुंब महाराष्ट्रात नांदते आहे.

पितळेचा या भूमीशी आणखी एक जुना संबंध आहे. ब्रिटिश काळात भारतातील छावण्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना पावसाळ्यात आपोआप तडे जात. पाऊस येतो तेव्हा तडे जातात, म्हणून इंग्रजीत या दोषाला ऋतूचेच नाव मिळाले. बराच काळ हे गूढ राहिले. पुढे १९२१ साली ब्रिटिश संशोधकांनी उलगडा केला, की दोष पावसाचा एकट्याचा नाही. घोड्यांच्या पागांजवळच्या हवेतील अमोनिया, पावसाळी ओल आणि पुंगळी घडवताना पितळेत कोंडून राहिलेला ताण, हे तिघे एकत्र आले की पितळ फाटते. उपायही सापडला. पुंगळी माफक तापवून तो ताण घालवायचा. काडतुसाचा दर्जा प्रयोगशाळेत मोजूनच सांभाळावा लागतो, हा धडा शंभर वर्षांपूर्वी भारताच्या पावसानेच जगाला शिकवला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

आणि तरीही, याच राज्यातील आघाडीचे नेमबाज स्पर्धेत वापरतात ती काडतुसे परदेशी असतात. देशी कारखान्यांत नागरी परवानाधारकांसाठी .३१५ व बारा बोअरसारखी काडतुसे बनतात. मात्र ती शिकार व स्वसंरक्षण या जुन्या कल्पनांशी निगडित आहेत. लष्करी काडतुसाची कसोटी वेगळी असते. ते चिखलात, वाळवंटात, हिमालयात हमखास उडाले पाहिजे. ठराविक वर्तुळात पडले, की ते उत्तीर्ण. स्पर्धेच्या काडतुसाला त्याहून कितीतरी लहान वर्तुळ लागते. ही क्षमता आपल्या कारखान्यांत येऊच शकत नाही, असे मानण्याचे कारण नाही. ती कोणी मागितली नाही, हे अधिक खरे कारण आहे.

कायद्याचा फास की कवच?

मग खेळाडूंनी ती स्वतः का भरू नयेत? येथे शस्त्र कायदा आडवा येतो. १८७८ चा वसाहतकालीन कायदा रद्द करून १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यानुसार दारूगोळ्याच्या निर्मितीसाठी परवाना बंधनकारक आहे. दारूगोळा या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. विनापरवाना निर्मितीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. अशा परिस्थितीत घरच्या टेबलावर पुंगळ्या भरत बसण्याचे धाडस कोणी कायदाभिरू खेळाडू करणार नाही, आणि करूही नये.

हा कायदा खेळाडूंच्या बाबतीत सर्वस्वी निष्ठुर आहे, असे मात्र नाही. सर्वसामान्य परवानाधारकाला २०१९ पासून तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात. पण केंद्रीय गृह मंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये नियम बदलून नामवंत नेमबाजांना प्रकारांच्या संख्येनुसार आठ, दहा वा बारा शस्त्रांपर्यंत मुभा दिली आणि सरावासाठीच्या काडतुसांची वार्षिक मर्यादाही वाढवली. निवडणूक काळात परवान्याची शस्त्रे जमा करून घेतली जातात, त्यातूनही राष्ट्रीय रायफल संघटनेचे सदस्य असलेल्या, स्पर्धांत भाग घेणाऱ्या खेळाडूंना सवलत आहे. ०.१७७ इंचापर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवान्याची गरज नाही. म्हणजे राज्यकर्त्यांनी संख्येचा प्रश्न सोडवला. दर्जाचा प्रश्न तसाच राहिला. हजारो काडतुसे घेण्याची परवानगी मिळूनही ती कोठून आणायची, हे खेळाडूने पाहायचे.

कठोर कायद्यामागची कारणे ठाणेकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात २ फेब्रुवारी २०२४ रोजी झालेल्या गोळीबाराच्या प्रकरणात कल्याण पूर्वचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली, तेव्हा शस्त्र कोणाच्या हाती आणि कशासाठी, हा प्रश्न जिल्ह्याच्या चव्हाट्यावर आला. गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसे जप्त झाल्याची बातमी या परिसराला नवी नाही. कट्टा गावठी असतो. काडतूस मात्र कुठल्या तरी कारखान्यातून निघून कुठल्या तरी हिशेबातून निसटलेले असते. पुंगळी, प्रायमर आणि दारू सुटी विकली जाऊ लागली, तर ही गळती वाढेल, अशी पोलिसांना भीती वाटल्यास ती अनाठायी म्हणता येणार नाही.

दुसरे कारण दाट लोकवस्तीचे. डोंबिवलीने २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीतील आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समधील स्फोट सोसला. काही किलोमीटर दूरच्या घरांच्या काचा फुटल्या, माणसे दगावली. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतही स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले. प्रशिक्षित मनुष्यबळ व सुरक्षेची व्यवस्था असलेल्या ठिकाणी जर असे घडते, तर सात मजली इमारतीतील वन-बीएचकेच्या बाल्कनीत दारूचे डबे ठेवणे कोणत्या शेजाऱ्याला रुचेल? त्यात आपले हवामान. उष्णतेने दारूचा जळण्याचा वेग व नळीतील दाब वाढतो. थंड देशातील पुस्तकातले कमाल प्रमाण मे महिन्याच्या उन्हात धोक्याच्या रेषेपलीकडे जाऊ शकते. खाडीकाठची दमट हवा दारूची साठवणूक आणखी अवघड करते. घरोघरी हँडलोडिंग हा ठाणे-कल्याणसाठी उपाय नव्हे, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे.

जग काय करते?

तथापि 'घरी नको' याचा अर्थ 'कुठेच नको' असा होत नाही. जर्मनी हा शस्त्रांबाबत ढिलाईसाठी प्रसिद्ध देश नव्हे. तेथे काडतूस भरू इच्छिणाऱ्याला स्फोटक कायद्याखालील स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, परीक्षा आणि पार्श्वभूमीची तपासणी सक्तीची आहे. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने प्रायमरच्या विक्रीवर बंधने घालून ती परवानापत्राशी जोडली. दोन्ही देशांनी छंद मोडून काढला नाही. त्याला ज्ञानाची आणि हिशेबाची अट घातली.

अमेरिकेचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे आहे. तेथील सरकारी मालकीच्या लेक सिटी कारखान्याने लष्करासाठी काडतुसे बनवतानाच राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांसाठी 'मॅच' दर्जाची काडतुसेही बनवली. स्पर्धेसाठी मिळवलेली ही अचूकता पुढे लष्कराच्या स्नायपरच्या कामी आली. मैदानावरचा खेळाडू हा कारखान्याचा सर्वांत चिकित्सक ग्राहक ठरला.

भारतीय लष्करालाही हा धडा लागू पडतो. नियंत्रण रेषेवरील स्नायपरसाठी २०१९ पासून .३३८ लापुआ मॅग्नमसारख्या मोठ्या पल्ल्याच्या परदेशी बोल्ट ॲक्शन रायफली आल्या. अशा रायफलीची किंमत तिच्या काडतुसाशिवाय शून्य आहे. काडतूस परदेशी असेल, तर युद्धकाळात पुरवठा कोणाच्या मर्जीवर चालणार? युक्रेन युद्धाने दारूगोळ्याच्या जागतिक बाजाराची जी ओढाताण झाली, तिने हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही हे दाखवून दिले.

पोलिसांच्या बाबतीत तर प्रश्न अचूकतेच्याही आधीचा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात स्वयंचलित शस्त्रांसमोर काही पोलिसांच्या हाती जुन्या .३०३ बोल्ट ॲक्शन रायफली होत्या, हे देशाने पाहिले. त्यानंतरच्या राम प्रधान समितीने सरावासाठी पुरेशा काडतुसांचा अभाव असल्याकडे बोट दाखवले होते. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी .३०३ ला समारंभपूर्वक निरोप दिला. शस्त्र बदलणे सोपे असते. सरावाला दर्जेदार काडतूस मुबलक देणे, हे कंटाळवाणे, खर्चिक आणि म्हणूनच दुर्लक्षित काम आहे.

मधला मार्ग

ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ पासून इतिहासजमा झाले आणि त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. अंबरनाथची फॅक्टरी नागपूरच्या यंत्र इंडिया लिमिटेडकडे, तर खडकी, वरणगाव व भंडारा हे कारखाने पुण्याच्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. कामगार संघटनांचा या बदलाला विरोध होता. त्यांची भीती कामाच्या मागणीबद्दल होती. दरम्यान खासगी क्षेत्रही उतरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कानपूर येथे अदानी समूहाच्या दारूगोळा प्रकल्पाचे उद्घाटन झाले. लहान शस्त्रांची वर्षाला १५ कोटी काडतुसे ही त्याची जाहीर केलेली क्षमता आहे. संख्येच्या या शर्यतीत सरकारी कारखान्यांना टिकायचे असेल, तर दर्जाची वाट धरण्यावाचून गत्यंतर नाही.

त्या दृष्टीने तीन पावले टाकता येण्यासारखी आहेत. पहिले पाऊल कारखान्यांचे. निवडक पितळ, स्वतंत्र खेप, मोठ्या नमुन्यावर चाचणी आणि प्रत्येक पेटीवर त्या चाचणीचा निकाल, या चार गोष्टींवर मर्यादित प्रमाणात मॅच दर्जाचे काडतूस बनवता येईल. .२२ पासून सुरुवात केल्यास ग्राहक तयार आहे. देशभरचे खेळाडू, राष्ट्रीय छात्रसेना, लष्कराचे महू येथील मार्क्समनशिप युनिट, पोलिस व रेल्वेचे संघ.

दुसरे पाऊल चाचणी केंद्राचे. खेळाडूने आपली रायफल घेऊन जर्मनी वा ब्रिटन गाठावे, ही अपेक्षा मध्यमवर्गीय कुटुंबाकडून करता येत नाही. शिकंजा, वेगमापक आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असलेले एक केंद्र बालेवाडीच्या क्रीडा संकुलात उभारले, तर वरळीपासून कोल्हापूरपर्यंतच्या खेळाडूंना त्याचा लाभ होईल. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्या राज्यात हा खर्च उधळपट्टी ठरणार नाही. तेजस्विनीने २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवले, त्याला आता दीड दशक उलटून गेले आहे.

तिसरे पाऊल कायद्याचे, आणि तेच सर्वांत नाजूक. मोठ्या बोअरच्या रायफलींसाठी, मान्यताप्राप्त रेंजच्या आवारात, परवानाधारक प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली काडतुसे भरण्याची सोय नियमांत स्पष्टपणे करता येईल. दारूचा साठा रेंजवर, स्फोटक नियमांनुसार. प्रत्येक पुंगळीची नोंद. भरलेले काडतूस त्याच रेंजवर झाडायचे आणि रिकामी पुंगळी तेथेच परत करायची. घरी काहीच न्यायचे नाही. असा हिशेब ठेवला, तर बाजारातून विकत घेतलेल्या काडतुसापेक्षा गळतीची शक्यता कमीच राहील. ठाणे पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत ठाण्यापासून कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथपर्यंतचा सलग शहरी पट्टा एकाच परवाना यंत्रणेखाली येतो. प्रायोगिक तत्त्वावर अशी व्यवस्था राबवायची झाल्यास, देखरेख सुलभ असलेले याहून सोयीचे क्षेत्र सापडणे कठीण.

यावर आक्षेप येतील. मूठभर नेमबाजांसाठी एवढा खटाटोप कशाला, हा त्यातला पहिला. मात्र प्रश्न मूठभर खेळाडूंपुरता नाही. अचूक काडतूस बनवू शकणारा देश धातूशास्त्र, रसायन, सूक्ष्म मापन आणि दर्जा नियंत्रण या चारही क्षेत्रांत पुढे असतो. ज्या कामगारांच्या दोन-दोन पिढ्या अंबरनाथच्या पितळेवर पोसल्या गेल्या, त्यांच्या हातातील कसबाला पुढच्या काळात काम मिळणार की नाही, हेही त्यातूनच ठरणार आहे. आणि डोंबिवलीच्या एखाद्या मुलीने दहा मीटरवरून पन्नास मीटरवर जायचे ठरवले, तर तिच्या आईवडिलांना पहिला प्रश्न 'काडतुसे परवडतील का' हा पडू नये, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

कुसाळेच्या पदकानंतर सत्कार झाले, पारितोषिके जाहीर झाली, बढती मिळाली. ते सारे यथायोग्य होते. पुढच्या पदकाची तयारी मात्र सत्काराच्या मंचावर होत नसते. ती खडकीच्या चाचणी कक्षात, अंबरनाथच्या भट्टीपाशी आणि मंत्रालयातील नियमांच्या मसुद्यात होते. त्या तिन्ही ठिकाणी अद्याप शांतता आहे.